काडीतला आवाज

आमच्या आपा तुडतुड्याला कधी मधेच पकडत नसत. गवतावरच्या नराची हाक सुरू असली, की बाटली हातात धरून तशाच उकिडव्या बसून राहायच्या. मी घाई केली तर म्हणायच्या, "त्याचं बोलणं पुरं होऊ दे. आपल्याला कुणी मधे तोडलेलं चालतं का?"

मिरकरवाड्यातल्या खलाशाच्या घरच्या आपा रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, तिथल्या गवतात, त्यांना तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक तुडतुडा सापडला होता. कुठल्याच पुस्तकात नसलेला. तुडतुड्याची हाक हवेतून आपल्यापर्यंत येत नाही, काडीतून थरथरत जाते. म्हणून आपा जुन्या रेकॉर्ड प्लेयरची सुई काडीला टेकवून हेडफोन लावायच्या; आवाजाची रेघ लॅपटॉपवर उमटायची. नराची हाक मिळाली होती. मादीचं उत्तर काही मिळत नव्हतं.

अशात सड्याचे मालक तानूकाका यांनी आंब्याच्या कलमांसाठी खड्डे पाडायला सुरुंगवाले बोलावले. आपा भांडल्या नाहीत. त्यांनी काकांच्या कानाला हेडफोन लावला. काकांनी तो दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

"बाय, ह्यो कुनाला हाक मारतोय?"

"बायकोला. ती काय म्हणते, तेवढं ऐकू दे मला."

"गवत सुकेपर्यंत थांबतो," काका म्हणाले.

पाचव्या दिवशी मी ऐकत होते. टर्र-टर्र-टिक, आणि त्याच्यामागून बारीक 'टुक'. मी ओरडलेच. आपांनी हेडफोन घेतला, डोळे मिटले, बऱ्याच वेळाने काढून ठेवला.

"मला नाही ऐकू आलं. वर्षभर शंका होतीच. कान गेले माझे."

"पण आपा, लॅपटॉपवर दिसतंय ना!"

"दिसतंय. ऐकलंस तू."

शोधनिबंधात त्यांनी तसंच लिहिलं: मादीचं उत्तर माझ्या विद्यार्थिनीने ऐकलं, मला ऐकू आलं नाही. तपासणाऱ्याने ते वाक्य गाळायला सुचवलं. आपा हटल्या नाहीत. "ऐकू येत नाही यात लाज कसली? न ऐकता ऐकलं म्हटलं, तर लाज."

निबंध छापून आला तोवर सड्यावर कलमं लागली होती. आपा गेल्या वर्षी गेल्या.

परवा मी एकटीने केलेलं पहिलं वर्णन छापायला पाठवलं, दुसऱ्या सड्यावरच्या तुडतुड्याचं. त्यात एका आवाजापुढे लिहिलं, 'खात्री नाही.' लिहिताना हात अडखळला नाही.