झाकणाआधीची हळद

कणकवलीहून रात्रभर बसमध्ये कलंडत आलेली मी दिंडोशीला भावाच्या घरी पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. घर सातव्या मजल्यावर. चहाच्याही आधी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर सगळं पांढुरकं आणि मऊ. इमारती कमरेपर्यंत दिसत होत्या आणि वर विरघळून गेल्या होत्या. सूर्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं.

"काय सुंदर धुकं गं!"

"धुकं कसलं आत्या, धूळ आहे ती," माझी भाची वैशाली आतून म्हणाली. "समोर तीन टॉवर चढतायत. खिडकी लाव, नायतर आठवडाभर खोकत बसशील."

खिडकी लावली आणि काचेतून बघत राहिले. धूळ असली तरी देखणी होती, त्याला मी काय करणार?

मी तीस वर्षं गावोगाव हिंडलेली आरोग्यसेविका. आता निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कुणाकडे गेले की माझी नजर आधी कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यावर जाते. वैशाली माझ्याच वळणावर गेली. ती इथे डासांच्या बंदोबस्ताच्या कामावर निरीक्षक आहे. त्या दिवशी तिला मढच्या बाजूला एका कोळीवाड्यात जायचं होतं. 'येतेस का?' असं तिनं विचारायचा अवकाश, मी पदर खोचून तयार.

रिक्षा वेसाव्याकडे निघाली तेव्हा तिनं प्रकरण सांगितलं. कोळीवाड्यात एका घराची जुनी विहीर आहे. मागच्या पावसाळ्यात आसपास हिवतापाचे रुग्ण निघाले आणि विहिरीत त्या डासाच्या अळ्या सापडल्या. घरची सगळी माणसं विहीर बंद करायला तयार झाली, एक म्हातारी सोडून. तिच्या हट्टापायी विहिरीत गप्पी मासे सोडले. हे बोटाच्या पेराएवढे मासे अळ्या खातात. तरीही गेल्या दोन्ही तपासण्यांत अळ्या मिळाल्याच.

"आज मिळाल्या की नोटीस," वैशाली म्हणाली. "वरून सिमेंटचं झाकण. विषय संपला."

"मग म्हातारी काय म्हणते?"

"तिच्या नातीची हळद आहे पुढच्या आठवड्यात. त्या घरात हळदीचं पाणी त्याच विहिरीचं लागतं, पिढ्यानपिढ्या. आणि गेल्या वर्षी त्याच नातीला ताप आला होता. आयसीयूत होती पोरगी. आता तूच सांग ना, मी काय करू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली आहेत. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मी नोटीस लिहून मोकळी झाले होते.

वेसाव्याहून पलीकडे होडीनं जावं लागतं. खाडी अरुंद, पाचदहा मिनिटांचीच वाट. पण मला ती फार लांब वाटली. पाणी काळसर हिरवं, त्यावर तेलाचे रंगीत तवंग पसरत होते आणि पुन्हा एक होत होते. होडी जागच्या जागी उभी आहे आणि दोन्ही काठच सरकतायत असं वाटत होतं. नाकात सुक्या मासळीचा आणि गटाराचा वास एकदमच येत होता. तरी मन इतकं निवलं होतं की कुणी 'परत चला' म्हणालं असतं तर वाईट वाटलं असतं. या तंद्रीतच मी उतरले आणि पाय थेट चिखलात. पाय निघाला, चप्पल राहिली.

होडीतली एक कोळीण टोपली सावरत हसली. "ऱ्हाऊ दे गो बाय. खारीनं (खाडीनं) घेतला तो परत नाय देत."

एका पायात चप्पल घालून मी कोळीवाड्यात शिरले. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वाऱ्यावर सगळे एकदम हलत होते.

ती म्हातारी, पार्वतीबाय, विहिरीच्या कठड्यावर बसून वाटच बघत होती. सत्तरीची, काटक, केसात अबोलीचा गजरा. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता आपल्या सपाता पुढे सरकवल्या.

"आधी खाव, मंग काय ती नोटीस लिवा," ती म्हणाली.

तिची नात सोनल तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. हीच नवरी. हातावर अजून सलाईनच्या सुईचा डाग होता. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तपासणीला आलेल्या माणसानं खाऊ नये असा आमच्यात दंडक आहे, पण मी तर निवृत्त होते.

मग वैशालीनं लांब दांड्याची पांढरी पळी विहिरीत बुडवली. पहिल्या पळीत काही नाही, दुसरीत नाही. तिसरीत चार अळ्या, पाण्यावर आडव्या तरंगणाऱ्या. हिवतापाच्या डासाची अळी अशीच आडवी असते. वैशालीनं पिशवीतून कागद काढला.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. गप्पी मासे वरवर हिंडतात, ते एवढ्या वेळात दिसायला हवे होते. मी भाकरीचा चुरा टाकला. एकही आला नाही. तेवढ्यात खालच्या हिरव्या अंधारातून एक लांबट सावली वर आली, पाणी घुसळलं, चुरा नाहीसा झाला आणि सावली पुन्हा बुडाली. स्वप्नात काहीतरी दिसून जावं तसं वाटलं.

"पार्वतीबाय, खाली कोण राहतं?"

तिनं पदराशी चाळा केला. "जिताडा हाय."

जिताडा म्हणजे आमच्याकडचा चोणक. समुद्रात वाढतो तसा गोड्या पाण्यातही वाढतो.

"माजे म्हायेरी, पेनकरं (पेणकडे), तलावान जिताडा पालतान," ती सांगू लागली. "जावयाचे ताटान परतो (पडतो). पावसालेन पिल्लू गावला, म्या सोरला हिरीन (विहिरीत). लग्नाला व्याह्यांना वाराचा (वाढायचा) म्हनून."

"आणि आमचे गप्पी?" वैशालीनं विचारलं.

"त्ये कनाचं (कसले) मासे गो? तांदलाएवरे! म्या म्हनला, आपला जिताडा मोटा, त्यो जास्ती आल्या (अळ्या) खाईल."

मला हसू आवरेना. मोठा मासा अळ्यांकडे कशाला बघेल? त्यानं अळ्या खाणारेच खाऊन टाकले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सोनल हसली नाही.

"आजे, मी आयसीयूत होते तेव्हा तू उपाशी बसलेलीस ना?" ती हळूच म्हणाली. "आणि परत तोच ताप विहिरीत पाळलास?"

म्हातारीचा चेहरा उतरला. ती उठून आत गेली, गरी घेऊन आली, कोळंबी लावली आणि कठड्यावर बसली. पाणी स्थिर होतं, त्यात आभाळ होतं आणि आम्हा चौघींची तोंडं. मग दोरी ताणली गेली. हातभर लांबीचा चंदेरी मासा कठड्याबाहेर पडून फडफडला. पार्वतीबायनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

वैशालीनं सोबत आणलेले नवे गप्पी सोडले. नोटीस अर्धी लिहून झाली होती, ती तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवली. "आठ दिवस देते. माझ्या जबाबदारीवर."

मी पार्वतीबायच्या हातात वैशालीकडची जादा पळी दिली आणि तिरकी बुडवायची कशी, अळी ओळखायची कशी ते दाखवलं. तिनं ते लगेच उचललं. पाण्यातलं हलतं काय आणि तरंगतं काय, हे तिला मी काय शिकवणार?

आम्ही परतीच्या होडीत बसलो. संध्याकाळच्या धुळीत पलीकडचे टॉवर गुलाबी झाले होते, आणि मला त्यांच्यावरही माया वाटली.

हळदीच्या दिवशी मी कणकवलीला घरी होते. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. पार्वतीबायनं तिला दुपारीच फोन केला होता. वाजतगाजत पाणी काढलं, हळद लागली, पोरगी सोन्यासारखी दिसत होती. मग सगळे जेवायला बसल्यावर म्हातारीनं एकटीनं जाऊन पळी बुडवली. दहाव्या पळीत एक अळी निघाली.

"मी म्हटलं, एकच आहे ना, गप्पींना अजून थोडे दिवस देऊ, मी सांभाळून घेते," वैशाली म्हणाली. "तर मलाच ओरडली गं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'एक मासा वर दिसला का खाली थवा असतो, मना शिकवू नको. सेजारची सून पोटुशी हाय. माजी हलद झाली. आता तुमचा झाकन घेऊन या.'"

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. तीस वर्षांत मी कितीतरी विहिरींवर झाकणं घालायला लावली. भांडणं झाली, शिव्या खाल्ल्या, पोलीसही आणले. झाकण मागून घेणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं, आणि पळी मी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती.