बिब्बा ओळखणारे वानखडे डॉक्टर

वानखडे डॉक्टर रोग्याला काय होतंय असं कधी विचारत नसत. खुर्चीतून वाकून आधी त्याच्या अंगाचा वास घेत आणि म्हणत, "काय काय लावलं थे सांगा. दुखणं मंग सांगजा." जळगाव जामोदच्या दवाखान्यात चुना, हळद, राख असं काहीतरी फासल्याशिवाय कुणी येतच नसे. डॉक्टर ती यादी पंगतीतले पदार्थ ऐकावेत तशी मन लावून ऐकत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी धामणगाव बढ्याला मास्तर होतो. जळगावला दिलेल्या माझ्या ताईच्या सासरहून निरोप आला, 'हिला घेऊन जा. पोरं इथंच राहतील.' तिचं दुसरं बाळंतपण होऊन महिनाही झाला नव्हता. मी गेलो तर ती गोठ्याशेजारच्या खोलीत एकटी, पाठीवर आणि कमरेवर पाणी गळणारे फोड. सासूने महारोग ठरवून टाकला होता आणि तान्ह्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन ती बोळ्याने शेळीचं दूध पाजत होती. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं.

त्यांनी ताईच्या पाठीवर उघडा हात ठेवला.

"आग होऊन राह्यली," ताई कळवळली.

"महारोगाच्या डागाले काई समजत नाई, बाई. हा महारोग नाई." मग नेहमीचा प्रश्न. ताईने सासूकडे पाहिलं. शेवटी सासूच म्हणाली, "कंबर दुखे म्हनून म्या बिब्बा लावला."

"पहिल्या खेपेले आईनंबी लावला होता," ताई म्हणाली. "तवा काई नाई झालं."

आता म्हातारीची खैर नाही असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते मला हवंच होतं. डॉक्टर मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, तुमी मायेनंच लावला. पहिल्या खेपेले अंग बिब्ब्याले नुसतं ओळखून ठेवते. दुसऱ्या खेपेले दिसला का चामडीतला राखणदार बोंब मारते, अन् रक्तातले बाकीचे धावत येतात. हे फोड त्या गर्दीचे. साऱ्याच्याच अंगाले असं होत नाई." कातडीतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, हे पुढे मोठमोठ्या डॉक्टरांकडून मी ऐकलं. मला ते त्या दिवशीच कळलं होतं.

म्हातारी मूल काही सोडेना. डॉक्टरांनी मला ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायला शिकवलं, औषध दिलं आणि दारातच बसकण मारली. दवाखान्यात लोक खोळंबले होते. "तुम्ही निघा," मी म्हणालो.

"लेकरू पेल्याबिगर काऊन जाऊ?"

थोड्या वेळाने मूल रडायला लागलं. बोळा तोंडात धरेना. म्हातारीने डॉक्टरांकडे पाहिलं. ती उठली आणि मूल ताईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "घे माय. भुकेजलं तुहं लेकरू."

मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदा धरला. "माह्या नोको पडू. बुढीच्या पड. तिनं मानलं म्हनून झालं."

त्यांच्या शब्दाखातर मी तिच्या पाया पडलो. मनातला राग जायला मात्र बरीच वर्षं लागली, आणि तो गेला हे ज्यांना सांगायचं ते डॉक्टर तोवर राहिले नव्हते.