जीपच्या पोटाखाली

जुनी फोर-बाय-फोर जीप घ्यायची म्हटलं की भोकरदनची माणसं आधी साहेबराव मिस्त्रीला गाठायची. तो रंगाकडं ढुंकूनही बघायचा नाही. थेट खाली शिरून चेसीवर पाना ठोकायचा. आवाज बद्द आला की गाडी परत. "आधी ब्रेक, मंग टायर. लायटींचा नखरा शेवटी," असं खडसावायचा.

त्या दिवशी कल्याण मास्तरांनी दाखवायला आणलेल्या जीपखाली तो शिरला, तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. चेसीवरचं वेल्डिंग त्याच्याच हातचं होतं. त्याचा पोरगा सूरज घाटात अपघातात गेला, ती हीच जीप. रंग तेवढा नवा होता.

"मिस्त्री, घेऊ का?"

"घ्या. चेसी बिलकुल मजबूत हाय," खालूनच आवाज आला. "ब्रेक तेवढे आजच बदला. माझ्या पोराला मी आधी लायटी लावून दिल्त्या."