भावजींसमोर पाय

गुडघा बदललेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "मांडी घालता येती का?" मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन झालेले गुडघे चालते करणं हे माझं काम, त्यामुळं हा प्रश्न दिवसातून चार वेळा तरी कानावर पडतो. गुडघा वाकतो की नाही ते सगळ्यांना दिसतं. तो पुरता सरळ होतो का, हे कोणी बघत नाही. चालणं बिघडतं ते मात्र सरळ न झाल्यानं. पाय थोडा वाकलेलाच राहिला, तर माणूस नवा गुडघा घेऊन जुन्यासारखाच लंगडतो. हे सुधारायला पहिले काही आठवडेच हातात असतात. नंतर सांधा आतून आखडतो, मग कितीही रेटलं तरी फारसा फरक पडत नाही.

हे सगळं मी पेशंटांना तोंडपाठ सांगते. आईलाही सांगितलं होतं.

तिचं ऑपरेशन सांगलीला झालं. तिला कुंडलला घरी आणून मी दोन दिवसांत साताऱ्याला परतले, कारण इथं माझे पेशंट खोळंबले होते. जाण्याआधी भावजयीला व्यायाम दाखवले. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. सकाळी दहानंतर एकदा, दुपारी चारनंतर एकदा. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, हे तीनदा बजावलं. आतल्या खोलीचा उंबरा वॉकरला आडवा येत होता, म्हणून आईची कॉट पुढं सोप्यात टाकायला लावली. ही अक्कल माझीच.

रोज फोन करायचे. "व्यायाम केलास का?" "करतीय की." "टाच टॉवेलवर ठेवून?" "आगं, करतीय म्हटलं न्हवं." एवढ्यावर मी फोन ठेवत असे. कुठल्याच पेशंटच्या शब्दावर मी इतका विश्वास ठेवलेला नाही.

तीन आठवड्यांनी दोन दिवसांची रजा काढून गेले. कोन मोजायची पट्टी लावली. पाय सरळ व्हायला पंधरा अंश कमी होते. पुन्हा मोजलं, तेवढेच. पेशंटवर मी ओरडत नाही. आईवर ओरडले. जन्मभर लंगडायचंय का, म्हणून विचारलं. ती उशीच्या अभ्र्याची शिवण चाचपत राहिली. ती उशी तिच्या गुडघ्याखालीच होती.

भावजयीनं मला परसात नेलं. "वन्सं, त्या करतील कशा? तात्या समूर बसत्यात न्हवं."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. वडील गेल्यापासून आमच्या घराकडं त्यांचं लक्ष असतं. आजारी माणसाला भेटायला चार लोक येणार, त्यांच्याशी बोलायला घरातलं कुणी वडीलधारं हवं, म्हणून ते रोज दहाला येत आणि कॉटच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसत. जेवायला आपल्या घरी जात, चारला पुन्हा हजर. घड्याळाचे पक्के. म्हणजे माझ्या दोन्ही वेळा नेमक्या त्यांच्या पुढ्यात येत होत्या. आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून आई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरलेली. त्यांच्याकडं पाय करून, नडगी उघडी टाकून ती कशी निजणार? ते आले की ती पाय ओढून घ्यायची आणि आखडलेल्या गुडघ्याला आधार म्हणून खाली उशी सारायची. ते गेले की भेटायला आलेल्या बायका असत, नाहीतर ती दमलेली असे.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण मी त्याच घरात लहानाची मोठी झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी आणखी चिडले.

रात्रीच्या जेवणानंतर मी आईला म्हटलं, तात्यांना सांगते. ती एकदम ताठ झाली. "त्यास्नी काय बी बोलायचं न्हाई. मायेनं येत्यात ते."

"मग कॉट आत घेऊ."

"आन त्यास्नी कळायचं न्हाई व्हय? ऱ्हाऊ दे गुडघा वाकडा. माझा हाय न्हवं."

ती हे रागानं बोलली नाही. तिचं ठरलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी तात्यांच्या घरी गेले. ते उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. मी पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं, की आईचा पाय सरळ होत नाही, कारण तुमच्यासमोर ती तो पसरत नाही. त्यांचा हात थांबला.

"किती दिस झालं?"

"तीन आठवडे."

"आन हातात किती हाईत?"

"अजून तीन. फार तर."

त्यांनी नाडी बांधली आणि ते उठून आत गेले. आता हे यायचे बंद होणार, असं मी धरून चालले. त्यांना वाईट वाटेल याचा विचार माझ्या मनात आला नाही. पाय सरळ होईल, एवढाच आला.

दहाला ते नेहमीसारखे आले. खुर्ची उचलून दाराकडं तोंड करून ठेवली आणि आईकडं पाठ करून बसले. रस्त्याकडं बघत मला म्हणाले, "पोरी, आकडं किती मोजायचं?"

"पाच."

"मोजतो." आणि पलटणीतल्या हिंदीत, सावकाश, "एक... दो..."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की माझी खरडपट्टी निघणार हे नक्की झालं. पण तिनं उशी बाजूला सारली आणि पाय पुढं टाकला.

पुढचे तीन आठवडे हेच चाललं. भेटायला येणाऱ्या पुरुषांना तात्या बाहेर कट्ट्यावरच बसवून घेत आणि तिथंच चहा मागवत. सुभेदार आपल्या भावजयीकडं पाठ करून बसतात, म्हणजे वाटणीवरून काहीतरी बिनसलं, अशी बोलवा गल्लीत उठली. त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. आईनं दिलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

सहावा आठवडा संपता संपता मी पट्टी घेऊन गेले. आईची टाच टॉवेलवर होती. तात्या दाराकडं तोंड करून.

"किती ऱ्हायलं?" त्यांनी न वळता विचारलं.

"तीन अंश. एवढं चालतं. लंगडणार नाही."

ते खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "मंग वळू का आता?"

आईनं पदर डोक्यावर ओढला. आता ती पाय जवळ घेईल म्हणून मी उशी सरकवायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला केला.

"वळा, भावजी," ती म्हणाली.

तात्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं आणि चहा ठेवायला सांगितला. पाय होता तिथंच होता.