चादरीमागचं पाणी

वैशाखातला गुरुवार, १९३८. दुपारची नमाज झालेली. गाव गोरेगाव.

हजर — मौलवीसाहेब. हलिमाचा नवरा मुनीर आणि त्याचे दोन भाऊ. हलिमाची आई जैनबी, जिला सगळा मोहल्ला खाला म्हणतो. मोहल्ल्यातले नऊ पुरुष, सहा बायका. दोन कोरी मडकी घेऊन आलेला गंगाराम कुंभार, लिंबाखाली. चादरींच्या आडोशाच्या आत — हलिमा, वय बावीस, मयत. आणि मी.

ही यादी मी त्याच संध्याकाळी लिहिली आणि घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवली. तेव्हापासून ती माझ्याखेरीज कोणी पाहिलेली नाही. तिच्याखाली एक ओळ यायला हवी होती. दहा वर्षं ती जागा कोरी आहे. आज ती भरायला बसले आहे, आणि मराठीत लिहिते आहे — घरात उर्दू वाचणारे तिघं आहेत, मराठी वाचणारी मी एकटी. बघा, कबूल करायला बसले तरी आधी कडी लावून घेतली.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते. मोहल्ल्यात मला आपा म्हणतात. लग्नात कोणाला बोलवायचं राहिलं, रमजानात मशिदीत इफ्तारीला कोणाच्या घरून काय येणार, ईदेला कोणत्या विधवेकडे शेवया पोचल्या नाहीत — सगळं माझ्या कागदावर. सासूनं जाण्याआधी आणखी एक काम माझ्याकडे दिलं. बायकांच्या मयताला गुसल द्यायचं — शेवटची आंघोळ घालायची. त्याचीही यादी मी पहिल्याच दिवशी केली. आधी बांगड्या, दागिने उतरवायचे. बोरीचा पाला घालून उकळलेलं पाणी, कोमट करून. उजवी बाजू आधी, मग डावी. तीन वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांचे दोन भाग करून छातीवर. मग कफनाचे पाच तुकडे.

नमाज ज्याची त्यानं पढायची, रोजा ज्याचा त्यानं धरायचा. मेलेल्या माणसाला मात्र स्वतःची आंघोळ घालून घेता येत नाही. म्हणून ती सगळ्या वस्तीवर फर्ज आहे. एकानं केली की सगळे सुटतात. कोणीच केली नाही, तर सगळे गुन्हेगार. सासूनं हे मला दोनदा म्हणायला लावलं होतं.

हलिमा माझ्या याद्यांची फार थट्टा करायची. तिचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत, माझ्या घरापासून तिसरं दार. एकदा शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आपा, मी मेले तर तुमच्या यादीत माझा नंबर कितवा?" मी म्हटलं, तोंड आवर. तर केस मोकळे सोडून मला दाखवत म्हणते, "हे बघा. एवढे केस हायत. मला दोन मडकी जास्तीची लिहून ठेवा, न्हाईतर मधीच पानी सरंल!" सगळ्या बायका हसल्या. खालासुद्धा हसली. मीही.

त्या वैशाखात पटकी आली. सकाळी उलट्या, संध्याकाळी माणूस गार. आठवड्यात मी दोघींना गुसल दिलं. पाणी ओतायला माझ्याबरोबर बिबन होती, माझ्याच वयाची, दणकट. दुसऱ्या गुसलानंतर तिसऱ्या दिवशी बिबन गेली. तिला मीच आंघोळ घातली. तिची नखं निळी पडली होती. त्यानंतर माझ्या हातांना भाकरी धरवेना. हे मी कारण म्हणून सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या बाईला पुरलं असतं हे कारण. मला का पुरू नये? कारण मला दुसरी वाट माहीत होती.

पाणी लावणं जमत नसेल, जिवाची भीती असेल, तर धर्मानं सवलत ठेवली आहे. हाताला फडकं गुंडाळायचं, कोरड्या मातीवर हात मारायचा, मयताच्या तोंडावरून फिरवायचा. पुन्हा मारायचा, हातांवरून फिरवायचा. झालं. अल्लाहनं माझ्यासारख्या भित्रीची सोय आधीच केली होती. त्या गुरुवारी हलिमा पटकीनं गेली, तेव्हा मला फक्त पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं — मौलवीसाहेब, मला भीती वाटते.

ते म्हणवलं नाही. आपाला भीती वाटते?

उलट मी बायकांना म्हणाले, तुम्ही आत येऊ नका, तुमची लेकरं लहान आहेत, मी एकटी करते. बायका रडल्या. एकीनं माझे हात डोळ्यांना लावले. मौलवीसाहेबांनी दुवा केली. खाला चादरीशीच बसली होती, बोटं चादरीखालून आत सरकलेली. म्हणाली, "कोमट पानी घ्या, आपा. तिला गार सोसत न्हाई."

मी आत गेले.

हे लांबवते आहे का मी? लांबवते आहे.

हलिमा फळीवर होती, ज्या गोधडीवर गेली त्याच गोधडीत. तोंड उघडं. केस गोधडीबाहेर, जमिनीला टेकलेले. मी दोन हात लांब उभी राहिले. मोठ्यानं बिस्मिल्लाह म्हटलं. आणि मडकं उचलून पाणी ओतलं — जमिनीवर. बाहेर ऐकू जावं म्हणून थांबून थांबून ओतलं. उजव्या बाजूला. मग डाव्या. तीन वेळा — मी मोजत होते, चुकले नाही. पाणी चादरीखालून बाहेर गेलं आणि खालाच्या बोटांना लागलं असणार, कारण तिनं बोटं उचलली नाहीत, ओल्या मातीत तशीच दाबून धरली. कापूर मी मुठीनं उधळला, वास झाकावा म्हणून. मग हाताला फडकं गुंडाळून कफन वरून टाकलं आणि गोधडीसकट, कपड्यांसकट गुंडाळून तीन गाठी मारल्या. मातीवर हात मारून तिच्या तोंडावरून फिरवायला किती वेळ लागला असता? फडकं तर हाताला होतंच. तेवढंही मी केलं नाही. मला तिथून बाहेर पडायचं होतं.

"झालं," मी म्हणाले.

जनाजा उचलताना मुनीर म्हणाला, "हलकी होती ती, जड कशी झाली?" मौलवीसाहेब म्हणाले, "बेटा, दुःखाचं वजन असतं." आणि त्यांनी खांदा बदलला तेव्हा कफनाच्या आतून काच वाजली. बारीक. बांगड्या. यादीतली पहिली ओळ. मयत न्हालेलं असेल तर त्याच्या हातात बांगड्या नसतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पुरुष मोठ्यानं कलमा पढत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. खाला माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग जनाजा वळणाआड जाईपर्यंत तिकडं पाहत राहिली.

मातीत ठेवलेल्याला उकरत नाहीत. पण पहिल्या दिवसांत सांगितलं असतं, तर मौलवीसाहेबांनी कबरीवर उभं राहून नमाज पुन्हा पढवली असती. हेही मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सगळे जियारतीला, तिच्यासाठी दुवा मागायला जमले. मौलवीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — अशी एक बाई वस्तीत असली की वस्ती सुटते. मी डोक्यावर पदर सारखा केला आणि शेवटच्या माणसापर्यंत खाणं पोचलं का ते बघायला उठले.

त्यानंतर मी एक नमाज चुकवली नाही, एक रोजा सोडला नाही. कोणाला दाखवत होते? अल्लाहच्या बाबतीत काही चुकलं तर तो माफ करील, तसा तो आहे. माणसाच्या बाबतीत चुकलं तर त्या माणसानंच माफ करावं लागतं, त्यात अल्लाहही मध्ये पडत नाही. हलिमा मला आता कयामतीलाच भेटायची. बांगड्या घालून. गोधडीत.

आणि वरच्या यादीतली माणसं? आपण सुटलो असं समजून गेली. मौलवीसाहेब चार वर्षांपूर्वी गेले. यंदा भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं, मोहल्ल्यातली निम्मी दारं बंद झाली. मुनीर आणि त्याचे भाऊ कुठं आहेत, कोणी सांगू शकत नाही. मी एकेकाला आठवून खूण करत गेले — गेला, गेली, पत्ता नाही. खूण नसलेली तीनच राहिली. गंगाराम, मी आणि खाला.

दर शबे-बरातीला, गेलेल्यांसाठी दुवा मागायच्या रात्री, खाला मला विचारते, "पानी कोमट होतं ना, आपा?" आणि मी म्हणते, हो खाला, कोमट होतं. ते खरंच कोमट होतं. दहा वेळा विचारलं तिनं. बांगड्यांचं कधी नाही.

खाला आता उठत नाही. तिला आंघोळ घालणारी मोहल्ल्यात माझ्याशिवाय कोणी उरली नाही. काल पेज भरवताना तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "आता माझी तयारी करून ठेवा." मी मान हलवली. तिनं चादरीतून दोन्ही हात बाहेर काढून माझ्यापुढे धरले — सुकलेले, रिकामे. "बघून घ्या, आपा. माझ्या हातात बांगड्या न्हाईत. तुमाला तकलीफ व्हायची न्हाई."

मी वाटी उचलली आणि घरी आले.

आजची यादी.

बोरीचा पाला — आणला.
कापूर — आहे.
कफनाचे पाच तुकडे — फाडून ठेवले.
कोरी मडकी, दोन — गंगारामनं सकाळी दिली.
खालाला सांगणे —