देवघरातली तंबाखू

माधवगंजातले संभाजीराव वीज मंडळातून निवृत्त झाले, तरी रविवारची एक हजेरी त्यांनी कधी चुकवली नाही. शेजारच्या दौलतसिंहांबरोबर ओट्यावर बसून पाइप ओढायचा. तीस वर्षांत दोघं मिळून शंभर वाक्यंही बोलले नसतील. पाइप तोंडात असला की माणसाला बोलावं लागत नाही, आणि संभाजीरावांना नेमकं तेच हवं असे.

आता दौलतसिंह कायमचे मुलाकडे बंगळुरूला निघाले होते. सोमवारची गाडी. शेवटच्या रविवारी काय बोलायचं, ते संभाजीरावांना सुचेना. निदान पाइप तरी नीट पेटायला हवा होता, आणि भादव्याच्या दमट हवेनं तंबाखूचा पार चिखल केला होता.

पंख्याखाली पसरली, तर आणखी ओलावली. कागदात घालून इस्त्री फिरवली, तर लीलाताईंच्या साड्यांना आठवडाभर तोच वास. त्यांनी नवऱ्याला बजावलं, "माझ्या तव्याला हात लावाल तर बघा. अन् ताटली पण नाही मिळणार."

घरात कोरडी जागा एकच उरली, नंदादीपाशेजारची. शनिवारी दुपारी संभाजीरावांनी देवांची मनोमन माफी मागितली आणि अडगळीतल्या जुन्या ताम्हणात तंबाखू पसरून तिथे ठेवली. रविवारी सकाळी बघतात तर कुरकुरीत! स्वारी खुशीत दाढीला बसली.

तेवढ्यात मंदाताई आल्या. गल्लीतलं निर्माल्य गोळा करून खत करायचा त्यांनी वसाच घेतला होता. लीलाताई कणीक मळता मळता म्हणाल्या, "देवघरातलं सगळं घेऊन जा."

ताम्हण रिकामं दिसल्यावर संभाजीराव अर्ध्या गालावर फेस घेऊन मंदाताईंच्या दारात धावले.

"देवापुढे होतं, मी म्हटलं दवणाच सुकला असेल," मंदाताई म्हणाल्या. "ड्रममध्ये टाकून वरून ताक पण ओतलं. खाद मस्त होईल, भाऊजी."

संध्याकाळी दौलतसिंह नेहमीसारखे रिकामा पाइप घेऊन आले. सगळी हकीकत ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसूही संपलं. पेटवायला काही नव्हतं, हातांना चाळा नव्हता. संभाजीरावांना फार वाईट वाटत होतं.

"मत जाओ, दौलत," ते म्हणाले.

दौलतसिंहांनी रिकामा पाइप खिशात ठेवला.

"तीस साल में आज बोले हो," ते म्हणाले. "वो भी टिकट हो जाने के बाद."