दादारावकाकांची टोळी

शेजारच्या अतुलचे वडील, दादारावकाका, मेळघाटात तीस वर्षं नाकेदार होते. जंगलाची राखण करायचे. निवृत्तीनंतर मुलाकडे नॉर्थ कॅरोलिनात आले आणि महिन्याभरात घरात बसून कंटाळले. गावाबाहेर पाइनच्या रानात लेमूर पाळणारं एक केंद्र होतं. तिथे त्यांनी बिनपगारी काम मागून घेतलं. इंग्रजी जेमतेम, गाडी चालवता येत नाही, म्हणून सोडायला-आणायला मी. सकाळची बुद्धवंदना आटोपली की आम्ही निघायचो.

लेमूर मूळचे मादागास्करचे. मांजराएवढे, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. उन्हाळाभर त्यांना कुंपणातल्या रानात मोकळं सोडत. तिकडच्यासारखेच ते टोळीने राहत. कोवळ्या उन्हात हात पसरून बसलेले पहिल्यांदा दिसले तेव्हा मी हातच जोडले.

"काका, ध्यानाला बसलेत बघा!"

"पोट शेकून राहिले, बाई," काका म्हणाले. "पण तुझ्या-माझ्यापेक्षा स्थिर बसतात, हे खरं."

नर भांडले की मनगटाचा वास शेपटीला चोळायचे आणि ती एकमेकांसमोर झटकायचे. "रक्त नाही, दात नाही," काका खूश व्हायचे. "अतुलच्या ऑफिसातल्यांना शिकवा हे."

शहाण्णवच्या ऑक्टोबरात रेडिओवर सांगितलं, आज रात्री पहिलं हिमदव पडणार. लेमूरांना ती थंडी सोसत नाही. अंधार पडायच्या आत सगळे गरम खोलीत यायला हवे होते, आणि त्यांत दोन पिल्लं होती. केंद्र सांभाळणारी कॅरन दुसऱ्या कुंपणाकडे धावली. ही तेरा जणांची टोळी काकांवर सोपवली.

काकांनी सगळ्यात दांडगा नर हेरला. बेदाण्यांची वाटी दाखवत त्याला दारापर्यंत आणलं. मेळघाटात वानरांचा हुप्या जाईल तिकडे कळप जातो. हा नर बेदाणे खात बसला. बाकीचे फांद्यांवरून हलेनात. तास गेला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं. कुंपणाबाहेर उभी राहून मी त्रिशरण म्हणत होते.

तेवढ्यात कान फाटलेली एक मादी उतरली. तिने नराला थोबाडीत दिली आणि त्याच्या हातातला बेदाणा घेऊन परत वर गेली. नर मुकाट्याने बाजूला सरकला.

काका बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून हसले. "अगं, इथं बाईचं राज्य हाय! पाच महिने वहीत लिहून राहिलो, आधी ती खाते, उन्हाची जागा आधी तिची. अन् हुप्याच्या मागं लागलो मी!"

नरापुढची वाटी उचलून त्यांनी तिच्या झाडाखाली धरली आणि पाठ न फिरवता दाराकडे सरकू लागले. ती उतरली. शेपटी उभारून आत गेली. तिच्यामागून एकेक शेपटी. पिल्लं आयांच्या मागे, आणि शेवटी तो दांडगा. तेरा. काकांनी दार लावलं तेव्हा ऊन पार गेलं होतं.

कॅरन धापा टाकत आली, मोजून बघितलं आणि काकांना मिठीच मारली. काकांनी केंद्राचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"लिही इंग्रजीत. मादीला सोडून नराच्या मागं लागलो, एक तास वाया गेला, चूक दादारावची."

"काका, सगळे आत आले ना? कशाला?"

"उद्या माझ्यासारखाच कुणी नवा येईल. त्याचा तास वाचू दे."

मी लिहिलं. खाली त्यांनी मराठीत ठसठशीत सही केली.